मुंबई ब, ५५८ किलोहर्ट्झ: एका एएम स्टेशनचं रूप किती वेळा बदललं आणि का

२३ जुलै २०२७ ला मुंबईच्या रेडिओ केंद्राला शंभर वर्षं पूर्ण होतात. घरात जुना ट्रान्झिस्टर असणाऱ्या बहुतेकांना हे केंद्र "मुंबई ब" म्हणून आठवतं, नंतर त्याचं नाव अस्मिता वाहिनी झालं. या शंभर वर्षांत तिथे काय काय वाजलं बघा, साहेबांसाठी पियानो, मग शास्त्रीय गायन, मग कामगार सभा, वनिता मंडळ, आपली आवड, श्रुतिका म्हणजे रेडिओवरची नाटकं, प्रादेशिक बातम्या, आणि हे सगळं एकाच शहरात. कार्यक्रम का बदलत गेले असं कुणी विचारलं की आपण सहसा "काळ बदलला" म्हणून मोकळे होतो, पण त्याने काहीच कळत नाही. माझ्या मते दोन प्रश्न विचारले की जवळजवळ प्रत्येक बदलाचं कारण सापडतं: स्टेशनला पैसा कोण देतंय, आणि त्याची लहर कुठपर्यंत जाते. हे दोन धागे धरूनच सांगतो, म्हणजे तांत्रिक भागही जाता जाता समजेल.

आधी एएम म्हणजे काय ते. एएम म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन. स्टेशनकडून एक अखंड विद्युत-चुंबकीय लहर निघत असते, मुंबई ब ची लहर सेकंदाला ५ लाख ५८ हजार वेळा खालीवर होते, म्हणून ५५८ किलोहर्ट्झ. स्टुडिओत निवेदिका बोलली की तिच्या आवाजाप्रमाणे या लहरीची उंची कमी-जास्त केली जाते, आपला रेडिओ त्या उंचीतला फरक तेवढा बाजूला काढतो आणि स्पीकरला देतो, झालं. एफएममध्ये उंची तशीच राहते आणि लहर सेकंदाला किती वेळा खालीवर होते तो आकडा किंचित मागेपुढे होतो. आपल्याकडे "एएम" हा शब्द तसा कमीच वापरला गेला, रेडिओच्या पट्टीवर "मीडियम वेव्ह" लिहिलेलं असायचं आणि घोषणा व्हायची ती आधी मीटरमध्ये. मीटर म्हणजे लहरीची लांबी. तीन लाखाला किलोहर्ट्झच्या आकड्याने भागलं की मीटर मिळतात, ३,००,००० भागिले ५५८ बरोबर ५३७.६. घोषणेतले "पाचशे सदतीस अंश सहा मीटर" ते हेच.

आणखी एक गंमत सांगतो. ५५८ ला ९ ने भाग जातो. मुंबई अ म्हणजे नंतरची संवादिता वाहिनी १०४४ वर, त्यालाही जातो. विविध भारती मीडियम वेव्हवर होती तेव्हा ११८८ वर लागायची, त्यालाही जातो. हा योगायोग नाही. १९७५ साली जिनिव्हाला देशादेशांचा करार झाला, युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या मीडियम वेव्ह स्टेशनांना ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा वाटून दिल्या आणि नोव्हेंबर १९७८ पासून ते लागू झालं. अमेरिकेत हेच अंतर १० आहे, म्हणून तिकडची एएम स्टेशनं ७८०, ८९० अशा गोल आकड्यांवर दिसतात. हा पट्टा चाळीसारखा आहे, प्रत्येकाला एकसारखी अरुंद खोली, आणि तुम्ही जास्त जागा घेतली की शेजाऱ्याला त्रास. त्यामुळे एएमवर आवाजातले साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचेच सूर पाठवतात. माणसाच्या बोलण्याला एवढी जागा पुरते, पण झांजा, बासरीचे वरचे स्वर, सतारीचा झंकार यातलं बरंच कापलं जातं. एफएमवर हीच मर्यादा पंधरा हजारांवर जाते. हा फरक लक्षात ठेवा, नव्वदच्या दशकात याच फरकाने सगळं उलटंपालटं केलं.

आता इतिहास. जून १९२३ मध्ये मुंबईत रेडिओ क्लबच्या हौशी लोकांनी पहिलं प्रसारण केलं. रीतसर स्टेशन आलं ते २३ जुलै १९२७ ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीचं, उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. म्हणजे भारतातलं रेडिओ प्रसारण खासगी कंपनी म्हणून सुरू झालं, सरकार नंतर आलं, हे आज सांगितलं तर कित्येकांना पटत नाही. ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा होता आणि नीट ऐकू यायचं ते साधारण ४८ किलोमीटरपर्यंत, म्हणजे मुंबई आणि आसपासचा थोडा भाग.

इथे पहिला प्रश्न लावू, पैसा कोण देत होतं? रेडिओ बाळगायला वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स लागायचं आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा. १९२७ साली दहा रुपये आणि वर सेटची किंमत हे परवडणारे लोक म्हणजे इंग्रज अधिकारी, पारशी-गुजराती व्यापारी, वकील, डॉक्टर. साहजिकच कार्यक्रमही त्यांच्या पसंतीचे, पाश्चात्य संगीत, बाजारभाव, बातम्या, आणि बरोबर हिंदुस्थानी संगीत. त्याच महिन्यात "इंडियन रेडिओ टाइम्स" नावाचं कार्यक्रमपत्रिकेचं नियतकालिकही सुरू झालं होतं. पण लायसन्सवाले होते किती, तर सगळ्या देशात मिळून काही हजार, आणि लायसन्स न काढता ऐकणारेही होतेच. कंपनी तीन वर्षंसुद्धा टिकली नाही, १ मार्च १९३० ला दिवाळखोरीत गेली.

१ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्र ताब्यात घेतलं, आधी प्रयोग म्हणून. मंदीचे दिवस होते, ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारने हे सगळं बंदच करायचं ठरवलं होतं, पण लोकांनी इतकी ओरड केली की महिनाभरात तो निर्णय मागे घेतला गेला आणि खर्च भरून काढायला बाहेरून येणाऱ्या रेडिओ सेटवरचा कर वाढवला. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. मूठभर श्रोते होते तरी ते भांडले, म्हणून पुढचं सगळं झालं. १९३५ मध्ये बीबीसीतून लायनेल फील्डन आले आणि ८ जून १९३६ पासून नाव झालं ऑल इंडिया रेडिओ.

सरकार आलं म्हणजे पैशाचा धागा बदलला. आता श्रोत्याने दहा रुपये दिले काय किंवा नाही दिले काय, स्टेशन चालणारच होतं, पण काय वाजवायचं ते सरकारी धोरण ठरवणार. याचा फायदाही झाला आणि तोटाही. फायदा असा की गायक-वादकांना राजेरजवाड्यांच्या जागी एक नवा आश्रयदाता मिळाला. मुंबई केंद्राच्या पाश्चात्य संगीत विभागात तेव्हा वॉल्टर कॉफमन काम करत होते, नाझी राजवटीमुळे युरोपातून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार, आणि सकाळी केंद्र सुरू होताना तानपुऱ्याच्या साथीने जी सुप्रसिद्ध धून वाजते ती त्यांच्याच नावावर आहे. तोटा असा की कुणा एकाच्या मताने एखादं वाद्यच हद्दपार होऊ शकत होतं. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी आली, कारण दिलं की पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) आणि श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) निघत नाहीत, आणि ही बंदी स्वातंत्र्य मिळाल्यावरही कित्येक वर्षं चालली. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीशिवाय उभं राहत नाही तिथे हे किती खुपलं असेल!

१९४७ ला देशात एकूण सहाच केंद्रं होती, त्यातलं एक मुंबई. महाराष्ट्रात नागपूर १९४८ ला आलं, पुणे १९५३ ला.

मग १९५२. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून श्रद्धा. त्यांना वाटत होतं की सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, म्हणून आकाशवाणीवर ती कमी करायची, वाजवली तर सिनेमाचं नाव सांगायचं नाही कारण ती जाहिरात होते. निर्मात्यांनी चिडून परवानगीच काढून घेतली आणि हिंदी सिनेमाची राजधानी असलेल्या मुंबईतल्याच केंद्रावरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली. शास्त्रीय संगीताला या काळात जे व्यासपीठ मिळालं ते खरंच मोठं होतं, ते मी कमी लेखत नाही, पण श्रोत्याला धाक दाखवून चांगलं ऐकायला लावता येत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि पुढे तेच दिसलं.

कारण आता दुसरा प्रश्न समोर आला, लहर कुठपर्यंत जाते. मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून चालते, पण शॉर्ट वेव्हची लहर वर जाऊन वातावरणातल्या आयनोस्फिअर नावाच्या विद्युतभारित थरावर आपटून शेकडो-हजारो किलोमीटर लांब खाली येते. कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे शक्तिशाली शॉर्ट वेव्ह ट्रान्समीटर होते आणि त्यांना जाहिराती घ्यायला मुभा होती. डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानींचा गीतमाला हा कार्यक्रम तिथून सुरू झाला, रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं आणि प्रसारण व्हायचं कोलंबोहून. म्हणजे मुंबईतला माणूस मुंबईतल्याच निवेदकाचा मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला आवाज लंकेवरून ऐकत होता, कारण शहरातल्या स्टेशनवर त्याला जागा नव्हती. सरकारी धोरण देशाच्या सीमेपर्यंत चालतं, लहर सीमा बघत नाही.

याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, हलकीफुलकी गाणी, नाट्यछटा, फौजींसाठी फर्माईशी. सुरुवात शॉर्ट वेव्हवरून झाली, नंतर मीडियम वेव्ह ट्रान्समीटर आले, बाकी केंद्रांना कार्यक्रमांच्या टेप पाठवायचे. आणि १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्या तीन शहरांतच. सरकारने नेमलेल्या चंदा समितीने तशी शिफारस केली होती. इथून पैशाचा धागा दुसऱ्यांदा बदलला, आधी लायसन्सवाला श्रोता, मग सरकार, आता जाहिरातदारही.

याचा मुंबई ब वर काय परिणाम झाला हे बघणं मला सगळ्यात जास्त आवडतं. सिनेमाची गाणी ऐकायला वेगळं चॅनल मिळाल्यावर मुंबई ब मोकळं झालं, त्याला आता सगळ्यांना सगळं द्यायची गरज नव्हती. १ मे १९६० ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली होती. भाषांची विभागणी ठसठशीत होत गेली, गुजराती-हिंदी वगैरे मुंबई अ वर आणि मराठी ब वर. मग या शहरात मराठी बोलणारे कोण राहतात, ते दिवसभर काय करतात, कुणाला कधी सवड असते, याप्रमाणे दिवस आखला गेला. दुपारी बायकांना थोडी उसंत मिळते म्हणून वनिता मंडळ. संध्याकाळी गिरणीची पाळी सुटते म्हणून कामगार सभा. मुलांसाठी गंमत जंमत, तरुणांसाठी युववाणी, फर्माईशीच्या मराठी गाण्यांसाठी आपली आवड. आजच्या भाषेत याला "ब्लॉक प्रोग्रॅमिंग" म्हणतात, दिवसाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका वेगळ्या श्रोत्याला द्यायचा. खासगी एफएमचं उलट असतं, दिवसभर एकच प्रकार आणि एकच वयोगट, कारण जाहिरातदाराला ठरावीक गिऱ्हाईक हवं असतं. ब्लॉक पद्धत तेव्हाच परवडते जेव्हा तासातासाला कमाई दाखवायचं बंधन नसतं.

श्रुतिकांबद्दल न लिहिता पुढे जाणं शक्यच नाही. "पुन्हा प्रपंच" मध्ये प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर असे तिघेच, प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, आणि महागाई, पाण्याची टंचाई, लोकलची गर्दी असे त्या त्या आठवड्यातले विषय. हे गाणं नव्हे, बोलणं होतं, आणि बोलण्याला एएमची अरुंद जागा अगदी पुरेशी. टेकाडे भावजी खरंच आपल्या जिन्यावरून वर येतायत असं वाटायचं ही त्या नटांची ताकद, आवाजातला चढउतार, थांबणं, हसणं, एवढ्याच भांडवलावर. यशवंत देव, मंगेश पाडगांवकर यांच्यासारखी माणसं या केंद्रावर नोकरीला होती. कवी आणि संगीतकार महिन्याच्या पगारावर ठेवून त्यांच्याकडून नव्या गाण्यांचं काम करून घेणारं स्टेशन आज मराठीत कुठे आहे?

लहरीचा धागाही इथे कामाला आला. मुंबईचे ट्रान्समीटर मालाडला खाडीच्या, समुद्राच्या कडेला. मीडियम वेव्हची जमिनीवरून चालणारी लहर कोरड्या खडकाळ जमिनीत लवकर दमते, पण खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहत असल्याने समुद्रावरून ती कितीतरी लांब जाते. म्हणून मुंबईचं केंद्र किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात आणि होडीवर नीट लागायचं, उलट सह्याद्रीपलीकडे तुलनेने जवळ असूनही खरखर यायची. आता गिरणीत काम करणारा चाकरमानी मुंबईत आणि त्याचं घर रत्नागिरी-सिंधुदुर्गात, दोघं एकच स्टेशन ऐकू शकत होते. मच्छीमारांसाठी हवामानाचा इशारा रेडिओवरून द्यायचा तो याच कारणाने, समुद्रात दूरवर असलेल्या होडीपर्यंत स्वस्तात पोचणारं दुसरं साधन तेव्हा नव्हतंच.

रात्री तर आणखी वेगळं. दिवसा सूर्यामुळे आयनोस्फिअरचा खालचा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर वरच्या थरावर आपटून परत खाली येते. त्यामुळे रात्री एकदम लांबची स्टेशनं लागतात, आवाज मधेच मोठा होतो, मधेच बुडतो. सेट बिघडलाय म्हणून लोक रेडिओवर थापटी मारायचे, पण तो बिचारा व्यवस्थित असायचा. मात्र रेडिओ हळूहळू फिरवून बघणारे बरोबर करत होते, कारण ट्रान्झिस्टरच्या आत एक काळी फेराइटची कांडी असते, एएमची अँटेना तीच, ती स्टेशनच्या दिशेला आडवी धरली की आवाज वाढतो आणि टोक स्टेशनकडे केलं की पडतो.

नंतरची घसरण थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना दिसलेली आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन आलं, संध्याकाळ हळूहळू रेडिओच्या हातातून गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगार सभेचा श्रोताच शहरातून पांगला. ऐंशीच्या दशकात रेडिओचं लायसन्स रद्द झालं, ते चांगलंच झालं. १९९३ मध्ये मुंबईत एफएमवरचे तास खासगी निर्मात्यांना विकायला सुरुवात झाली आणि दोन हजार सालानंतर पूर्ण खासगी स्टेशनं आली. वर सांगितलेला पाच हजार आणि पंधरा हजार हर्ट्झचा फरक आता लोकांच्या कानाला कळला, एकदा एफएमवर गाणं ऐकलेला माणूस मीडियम वेव्हवर गाणं ऐकायला परत येत नाही. विविध भारतीसुद्धा मुंबईत १०२.८ एफएमवर गेली. जगात बहुतेक ठिकाणी असंच झालं, संगीत एफएमकडे गेलं आणि एएमकडे बोलणं, बातम्या, शेती, धार्मिक कार्यक्रम उरले.

पण एएमला सगळ्यात मोठा फटका गाण्यांमुळे बसला नाही असं मला वाटतं, तो बसला विजेमुळे आणि जागेमुळे. मीडियम वेव्हचा मनोरा लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाइतका उंच असला तर उत्तम चालतो, ५५८ साठी हा हिशोब साधारण १३४ मीटर होतो, त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं पुरायला मोठं मैदान लागतं, आणि शंभर किलोवॉट हवेत सोडायला त्याहून बरीच जास्त वीज रोज तासन्‌तास घ्यावी लागते. एफएमची लहर तीनेक मीटरची, एका गच्चीवरच्या खांबावर भागतं. शिवाय आपल्या घरातच एएमचे शत्रू भरलेत, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, हे सगळे त्याच पट्ट्यात खरखर सोडतात आणि एएमला ती आवाजापासून वेगळी करता येत नाही, कारण खरखरही लहरीची उंचीच बदलते. आणि मोबाइलमध्ये फेराइटची कांडी मावत नाही म्हणून फोनवर फार तर एफएम मिळालं, एएम कधीच नाही. नवीन पिढीच्या हातात ते यंत्रच आलं नाही.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत देशभर जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर एकामागून एक बंद केलेत, काही ठिकाणी डीआरएम नावाची डिजिटल पद्धत बसवली, त्यात त्याच अरुंद जागेतून स्वच्छ आवाज जातो, पण ते पकडणारे रेडिओ बाजारात जवळपास दिसत नाहीत, काही गाड्यांमध्ये असतात तेवढेच. अस्मिता वाहिनी आता न्यूजऑनएअर या अ‍ॅपवर ऐकता येते, जगात कुठेही, नेट असेल तिथे.

लहरीचा प्रश्न अ‍ॅपने सोडवला असं कुणी म्हणेल आणि ते अर्धं खरं आहे, लंडन-दुबईतल्या मराठी माणसाला मुंबई ब एवढं स्पष्ट कधीच ऐकू येत नव्हतं. पण वीज गेली, टॉवर पडले, पूर आला की नेट पहिलं जातं, आणि तेव्हा सेलवर चालणारा दोनशे रुपयांचा रेडिओ आणि दूरवर पोचणारी एक लहर एवढंच हाताशी उरतं. किनाऱ्यावर निदान एक ताकदवान मीडियम वेव्ह ट्रान्समीटर त्यासाठी चालू ठेवावा, त्याची वीज हा आपत्ती व्यवस्थापनाचा खर्च म्हणून धरावा. आणि पैशाच्या प्रश्नाचं म्हणाल तर श्रुतिका, नवी गाणी, वनिता मंडळासारखे तास हे जाहिरातीवर कधीच चालणार नाहीत, ते पगारी लेखक, संगीतकार आणि नट ठेवूनच होतात. जुन्या टेपचं डिजिटायझेशन होतंय ही चांगली गोष्ट आहे, पण त्याच स्टुडिओत दर महिन्याला एक नवी मराठी श्रुतिका ध्वनिमुद्रित झाली पाहिजे, मग ती एफएमवर वाजो, अ‍ॅपवर वाजो, नाहीतर ५५८ वर.